डॅनीच्या दगडावरची ओळ

२७ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

सकाळी दळण आणलं. दुपारी बायकोला, मरियाला, बीपी तपासायला नेलं. येताना रामहरी पाथरवटाकडे थांबून काळे दगड पाहिले. संध्याकाळी मेथीची भाजी आणि भाकरी.

आमच्या मुलाला, डॅनीला, जाऊन महिना उलटला. शेवटी रक्ताच्या उलट्या झाल्या, डॉक्टर म्हणाले लिव्हर संपलं आहे. छत्तीस वर्षांचा होता.

ही डायरी त्यानेच डिसेंबरमध्ये आणून दिली होती. पहिल्या पानावर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव होतं. ते पान मी फाडून टाकलं. बाकीची कोरी आहे, वाया जाऊ नये म्हणून लिहायला घेतली. मला लिहायची सवय नाही. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडला निदेशक होतो, तिथे फळ्यावर मापं लिहायचो तेवढंच.

२ मार्च, रविवार

मंडळीत गेलो. भक्तीनंतर पाळकसाहेब म्हणाले, यंदा पुनरुत्थानाच्या, म्हणजे ईस्टरच्या, पहाटे कबरस्तानात डॅनीच्या कबरेजवळ खास प्रार्थना करू, तोवर दगड बसवून घ्या. मरियाला बरं वाटलं. घरी येईपर्यंत तिने दगडावरची ओळसुद्धा ठरवली. नाव, जन्म, मृत्यू, आणि सगळ्यात खाली –

व्यसनाने हिरावला, प्रभूने स्वीकारला.

"चांगली आहे ना?" तिने विचारलं. मी म्हणालो, चांगली आहे. खरंच चांगली वाटली. लोक कबरेपुढून जाताना काहीतरी विचारणारच. दारूने नेला हे एकदा लिहिलेलं असलं की पुढचं कोणी विचारत नाही.

५ मार्च, बुधवार

लेंट, उपासाचे चाळीस दिवस, सुरू झाला. सुनेला, स्टेलाला फोन केला. ती नातीला, रिबेकाला, घेऊन सुप्याला राहते, एमआयडीसीत पॅकिंगला जाते. डॅनीच्या मातीला आली होती, पण मागे उभी राहिली आणि चहा न घेता गेली. पुनरुत्थानाला येशील का विचारलं. म्हणाली, "बघते पप्पा." दगडाबद्दल सांगितलं, ओळ वाचून दाखवली. मग म्हणाली, "तुम्ही एकदा इकडं या."

रिबेकाचा आवाज ऐकायला मिळाला नाही. ट्यूशनला गेली होती म्हणे.

९ मार्च, रविवार

सुप्याला जाऊन आलो. एसटीची वाट पाहत उभा होतो तर एक गाडी थांबली. कल्याण, माझा जुना विद्यार्थी. सुप्याच्या एका कारखान्यात आता सुपरवायझर आहे. पोट सुटलं आहे. "सर, बसा, तुम्हाला एसटीत बसवलं तर पोरं मला शिव्या घालतील." रस्ताभर जुन्या आठवणी काढत होता. "सर, तुमचं एक वाक्य मी नव्या पोरांना रोज ऐकवतो. टूलच्या नावानं रडू नका. आधी जॉब सेंटरला धरलाय का बघा. जॉबच आउट असला तर टूल बदलून काय उपयोग." मी असं म्हणत असे खरं. जॉब म्हणजे लेथवर कातायला धरलेला तुकडा. त्याने डॅनीची चौकशी केली नाही. बहुतेक त्याला माहीत असावं.

स्टेलाची खोली एकच आहे, पण नीट ठेवलेली. तिने चहा केला. डाव्या हाताची दोन बोटं वाकत नाहीत, त्यामुळे गाळणी उजव्या हातात आणि पातेलं फडक्यात गुंडाळून डाव्या मनगटावर तोलून धरते. मी मदतीला उठलो तर म्हणाली, "बसा पप्पा, जमतं मला."

बिस्किटाचा पुडा फोडून समोर ठेवला आणि बोलायला लागली. ती बोलली ते जसं आठवतं तसं लिहितो.

"मी येईन. रिबेकालाही आणीन. तिचा बाप आहे तो, ती आली पाहिजे. पण तिथं सगळे म्हणणार, दारूनं केलं. मग मी घरी येऊन तिला काय सांगू? ती त्या दिवशी पलंगावर बसलेली होती पप्पा. तिनं पाहिलंय."

मी म्हणालो, "बाळ, तो प्यायला होता."

"नव्हता."

"मला वास आला होता."

"तो माझ्या हाताला लावलेल्या डेटॉलचा वास होता. शेजारच्या काकूंनी ओतलं होतं. तुम्ही आलात तेव्हा तो खुर्चीत बसून सफरचंद कापत होता. आठवतं का?"

मला सफरचंद आठवतं. पण माणूस प्यायल्यावरही फळ कापू शकतो.

"दगडावर काय लिहायचं ते लिहा," ती म्हणाली. "दगडाचं मला काय. तुम्ही एकदा तोंडानं म्हणा, चार माणसांत. शुद्धीवर होता आणि केलं. एवढंच. मम्मींकडून मी काही मागत नाही. त्या आई आहेत."

मी म्हणालो, मेलेल्या माणसाबद्दल असं बोलून काय मिळणार.

"मला काही नको. रिबेका घरी कोणी नसलं की दाराला हात लावत नाही. मला विचारते, पप्पांना बरं नव्हतं का? मी नाही म्हटलं तर म्हणते, मग आजोबा का म्हणाले?"

येताना बसमध्ये उभं राहावं लागलं. मरियाने विचारलं, काय म्हणाली? मी म्हणालो, येणार आहे.

१२ मार्च, बुधवार

ज्या दिवसाबद्दल स्टेला बोलते तो दोन वर्षांपूर्वीचा. तेव्हा डॅनीने दारू सोडून आठ महिने झाले होते. मंडळीत सगळ्यांसमोर बायबलवर हात ठेवून शपथ घेतली होती, आजूबाजूच्या गावांत पाळकसाहेबांबरोबर साक्ष द्यायला, प्रभूने दारू कशी सोडवली ते सांगायला जायचा. बोलायचा फार छान. बायका रडायच्या. गोड बोलणं त्याला लहानपणापासून येत होतं. त्याच दिवसांत आमच्या घरी, त्यांच्या खोलीच्या दारात स्टेलाचा हात सापडला.

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेब घरी आले. मी सांगितलं, पुन्हा घसरला, पिऊन आला होता. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, पडणाऱ्याला प्रभू उचलतो. मंडळीने त्याच्यासाठी उपास केला. कोणी वाईट बोललं नाही. पिणाऱ्यासाठी आमच्या मंडळीत मोठी माया आहे.

चार-पाच दिवसांनी डॅनी माझ्याजवळ आला. हसत होता. म्हणाला, "पप्पा, तुम्ही बाकी भारी निघालात. मी प्यायलो होतो म्हणे." मग म्हणाला, "आता नाव झालंच आहे तर फुकट कशाला जाऊ द्यायचं." त्याच संध्याकाळी बाटली घेऊन आला, आणि मग मरेपर्यंत सुटली नाही. पुढे झोपेच्या गोळ्याही आल्या.

यावरून दिसतं, दारूची ओढ किती भयंकर असते.

१६ मार्च, रविवार

भक्तीला गेलो नाही. गुडघा दुखतो.

एक गोष्ट मनात येते म्हणून लिहून ठेवतो. डॅनीला पहिल्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं तेव्हा तिथला डॉक्टर तरुण होता. आम्हा दोघांना समोर बसवून तो लहानपणचं विचारू लागला. शाळा बुडवायचा का, घरात-बाहेर चोऱ्या करायचा का, जनावरांना त्रास द्यायचा का, कुठे आग लावली का, चूक पकडली की वाईट वाटायचं का. मरिया प्रत्येकाला नाही नाही म्हणत गेली. मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. तो म्हणाला, "काका, दारू हा एक आजार आहे. मला वाटतं याला दुसराही एक आहे, स्वभावातच मुरलेला. तो दारूच्या आधीपासून असतो. असली माणसं दारूकडे, गोळ्यांकडे लवकर जातात, आणि दारू पोटात गेली की तो आणखी मोकळा सुटतो. दोन्ही एकमेकांना धरून असतात. पण दारू सुटली म्हणजे तो सुटेल असं समजू नका. सगळ्यात आधी सुनेची काळजी घ्या." समाजविरोधी व्यक्तिमत्त्व की काय असं एक लांब नाव सांगितलं.

बाहेर आल्यावर मरिया म्हणाली, "त्याला स्वतःला पोरं नाहीत वाटतं." आम्ही केंद्र बदललं. दुसऱ्या केंद्रातले लोक फक्त दारूबद्दल बोलायचे. ते आम्हाला बरे वाटले.

डॉक्टरने विचारलेल्या गोष्टी कुठला मुलगा करत नाही? डॅनी अकरा वर्षांचा असताना शेजारच्या सहादेवच्या कुत्रीची पिल्लं आमच्या हौदात सापडली. हौदावर झाकण होतं आणि झाकणावर वीट होती. मी रागावलो तेव्हा त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी परक्या भाषेत बोलतोय. नंतर रडला, चांगला रडला. मरियाने त्याला जवळ घेतलं. तिच्या खांद्यावरून तो माझ्याकडे बघत होता तेव्हा डोळे कोरडे होते, किंवा मला तसं वाटलं. सहादेवला मी सांगितलं, झाकण उघडं राहिलं होतं.

२३ मार्च, रविवार

पाळकसाहेब घरी आले. पुनरुत्थानाच्या प्रार्थनेत काय बोलायचं याची माहिती हवी होती. मरियाने पोहे केले. साहेब डॅनीच्या आठवणी काढत होते.

"उजागरे, एक दिवस मी विसरत नाही. राहुरीकडच्या मेळाव्याची तयारी करत होतो. दुपारपासून अंधार पडेपर्यंत चर्चमध्ये माझ्या टेबलासमोर बसून होता. साक्ष म्हणून दाखवली. एकदम स्वच्छ, मन लावून. जाताना माझ्या पाया पडायला वाकला, मी म्हटलं आपल्यात पाया पडत नाहीत. आणि त्याच रात्री तुमच्याकडे तो प्रकार." साहेबांनी मान हलवली. "तिथून घरापर्यंत जायचं ते काय, पण सैतान तेवढ्यात गाठतो."

चर्चपासून आमचं घर गल्ली ओलांडून आहे. मधे किराणा दुकान आणि इस्त्रीवाला.

मी पोहे संपवले.

२८ मार्च, शुक्रवार

मरियाला घेऊन रामहरीकडे गेलो. तोंडात तंबाखू, अंगभर पांढरी धूळ. "सर, गावाचं नाव काय टाकायचं? नगर का अहिल्यानगर? नंतर म्हणाल रामहरीनं जुनं टाकलं."

मी म्हणालो, गावाचं नाव नको.

"मग बरं. न्हाई तर परवा एकानं दोन्ही टाकायला लावली. मेलेल्या माणसाला पत्ता कशाला लागतो, पोस्टमन थोडाच येनारे." मरियाने त्याच्याकडे पाहिलं तसा तो ओशाळला. "चुकलं ताई. सवय झालीय. दिवसभर मेलेल्यांचीच नावं."

मरियाने ओळ कागदावर लिहून नेली होती. रामहरीने बोट ठेवून वाचली. "हिरावला. चांगलं हाय. माझा मेव्हना बी दारूनंच गेला. लई चांगला मानूस, पिऊन आला की गानी म्हनायचा, कुनाला बोट न्हाई लावलं कधी."

मरिया म्हणाली, "आमचाही तसाच होता."

मी दगडाची जाडी मोजत होतो.

६ एप्रिल, रविवार

स्टेलाचा फोन. येणार आहे, रिबेकाही. विचारलं, "पप्पा, ठरलं का तुमचं?" मी म्हणालो, बघू. रिबेका फोनवर आली, "सलाम आजोबा," म्हणाली. तिला गणितात चांगले मार्क आहेत. मग मीच म्हणालो, ठेव आता.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

झावळ्या आणल्या. मरियाची इच्छा आहे की स्टेला आणि रिबेकाने आदल्या दिवशी येऊन डॅनीच्या खोलीत राहावं. खोलीचं दार दोन वर्षांपासून नीट लागत नाही, चौकटीला घासतं. दुरुस्त करायला पाहिजे.

१५ एप्रिल, मंगळवार

दार काढलं. मधली बिजागरी वाकली होती, ती ऐरणीवर सरळ केली. मग चौकट घासायला घेतली. बिजागरीच्या बाजूला, छातीच्या उंचीवर, रंगाखाली खुणा दिसल्या. तेव्हा मीच त्यावर रंग मारला होता, पण नीट पाहिलं नव्हतं. पॉलिश पेपरने रंग उतरवला. अंगठीच्या खुणा आहेत. स्टेलाची लग्नाची अंगठी दवाखान्यात कापून काढावी लागली होती.

एक नाही, तीन खुणा आहेत. एकीच्या अंगावर दुसरी, दुसरीच्या अंगावर तिसरी. सरकलेल्या जेमतेम.

माणसाचा हात दारात सापडला तर तो ओढून घेतो. पुन्हा त्याच जागी यायचा तर कोणीतरी तो तिथे धरून ठेवावा लागतो. एका हाताने धरायचा, दुसऱ्याने दार ओढायचं, उघडायचं, पुन्हा ओढायचं. आणि धरणारा हलता कामा नये.

वर्कशॉपमध्ये प्यायलेल्या मुलाला मी मशीनवर उभा करत नसे. वास नाही आला तरी काम बघून कळायचं. त्याची खूण एका जागी पडत नाही.

मरियाने हाक मारली, जेवायला या. म्हणालो, तू जेव.

१६ एप्रिल, बुधवार

रामहरीकडे गेलो. शेवटची ओळ नको, असं सांगायचं होतं. दगड भिंतीला टेकवून ठेवलेला. पूर्ण झालेला. ओळ सगळ्यात चांगली कोरली आहे.

"काढता येईल का?"

"आता? सर, पॉलिश झालंय. वरून घासली तर तिथं खड्डा दिसंल. रंगानं भरली तर पावसाळ्यात उघडी पडंल. काय चुकलं का? काना-मात्रा गेली का?"

म्हणालो, काही चुकलं नाही.

तो डोकं खाजवत उभा राहिला. मी टेप काढून खालून ओळीपर्यंत मोजलं. विचारलं, ओट्यात दगड आणखी खोल बसवला तर?

"बसवू की. पर ओळ सिमेंटमंदी जाईल."

"जाऊ दे."

"ताई?"

"मी सांगतो त्यांना."

"आवं एवढी कोरली," तो म्हणाला. मग हसला. "मला काय, जमिनीखालचं बी माझंच काम म्हनायचं."

१७ एप्रिल, गुरुवार

दगड बसवला. मरिया आली नाही, तिला उन्हाचा त्रास होतो. रामहरीने ओटा केला, ओळ सिमेंटमध्ये गेली. वर फक्त नाव आणि दोन तारखा. त्याने बजावलं, "सर, रोज पानी मारायचं. सुकू द्यायचं न्हाई, न्हाई तर तडा जाईल आन समदं वर येईल."

मरियाला अजून सांगितलेलं नाही.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार

दुपारची भक्ती. संध्याकाळी कबरस्तानात पाणी मारून आलो. पाळकसाहेबांना भेटून प्रार्थनेत दारूचा उल्लेख नको म्हणावं, असं ठरवलं होतं. त्यांच्याभोवती लोक होते. उद्या सांगेन.

२० एप्रिल, पुनरुत्थान दिवस

स्टेला काल राहायला आली नाही. पहाटे पहिल्या गाडीने परस्पर कबरस्तानात आली.

अंधार होता. सगळ्या कबरांना चुना दिलेला, मेणबत्त्या लावलेल्या. मंडळी गाणी म्हणत कबरांमधून फिरत होती. स्टेलाने मोबाईलच्या उजेडात दगड वाचला. नाव वाचलं, तारखा वाचल्या. खाली पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तिने रिबेकाला पुढे घेतलं आणि दोघी माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. रिबेकाने माझं बोट धरलं. तिचा हात गार होता. मला वाटलं, झालं, आता काही बोलावं लागणार नाही.

पाळकसाहेब आले. डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. "हे दयाळू बापा, दारूच्या बेड्यांत अडकलेलं हे तुझं लेकरू. त्याच्या हातून जे घडलं ते त्याने केलं नाही, त्या व्यसनाने केलं, हे तू जाणतोस..."

शेवटी क्षणभर थांबले. कबरेजवळ प्रार्थना झाली की घरच्या थोरल्याने आधी आमेन म्हणायचं, मग मंडळीने, अशी आमच्याकडची पद्धत आहे. सगळे माझ्यासाठी थांबले. मेणबत्तीचा चुरचुर आवाज येत होता. काल साहेबांना सांगायचं राहून गेलं होतं. आता सांगता आलं असतं. एवढे लोक होते, ओळखीचे सगळे.

मी आमेन म्हणालो.

मागून मंडळी म्हणाली. स्टेला नाही म्हणाली. रिबेकाने माझं बोट सोडलं. तिने स्वतःहून सोडलं, स्टेलाने ओढलं नाही.

स्टेलाने आणलेली शेवंतीची फुलं ओट्यावर ठेवली. डाव्या हाताने ठेवली, दोन बोटं ताठ. "येते पप्पा," म्हणाली. मी म्हणालो, घरी चला, नाश्ता केलाय. म्हणाली, "आता नको. आता कधीच नको." आवाज चढवला नाही. रिबेका फाटकापर्यंत मागे वळून बघेल असं वाटत होतं.

उजाडल्यावर मरियाने दगड नीट पाहिला. खाली वाकून ओट्यावरून हात फिरवला.

"ओळ कुठंय?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"सिमेंटमध्ये गेली."

मला वाटलं आता रडेल किंवा मला बोलेल.

"पण दगडावर आहे ना?"

"आहे."

"मग असू दे," ती म्हणाली. "देवाला दिसते."

घरी नाश्त्याला पाच-सहा जण आले. केक चांगला झाला होता. सगळे म्हणाले, प्रार्थना छान झाली. मी डॅनीच्या खोलीच्या दाराकडे पाठ करून बसलो. दार आता अलगद लागतं, आवाज येत नाही.

दुपारी मरिया झोपली. ऊन उतरल्यावर कॅन घेऊन एकटाच कबरस्तानात गेलो. फुलं बाजूला केली, ओट्यावर सगळीकडून पाणी मारलं, फुलं परत ठेवली.